आकडा आणि आकडी

आकडा या वस्तूशी आमचे कधीच जमले नाही. विद्यार्थी असताना गणिताच्या तासाला आम्ही खिडकीबाहेर पाहत असू. पुढे शिक्षक झालो तेही भाषेचेच, आणि त्यायोगे या वैऱ्याला कायमचे चुकविले अशी आमची समजूत होती. सुरतेच्या मराठी शाळांतून तीस वर्षे आम्ही क्रियापदे चालविली, समास सोडविले, कवितांचे अर्थ सांगितले. परंतु महिनाअखेर हजेरीपत्रकाची बेरीज करावयाची वेळ आली, की ते हळूच शेजारच्या वर्गावरील गुरुजींकडे सरकवीत असू. निवृत्तीनंतर आमच्या आयुष्यात दोनच आकडे उरले : एक निवृत्तिवेतनाचा आणि दुसरा चष्म्याचा. असा मनुष्य संध्याकाळी ओट्यावर बसून शेजारपाजारच्या लेकीसुनांच्या रक्तदाबाचे आकडे वहीत टिपताना दिसला, तर याला काहीतरी झाले असले पाहिजे, असे वाचकांस वाटेल. झाले आहे खरे. तेच येथे सांगावयाचे आहे.

आम्ही राहतो ते डिंडोली सुरत शहराच्या आग्नेय अंगास, उधन्याच्या पलीकडे आहे. उधन्याहून निघून बारडोली, व्यारा, नंदुरबार, अमळनेर असा तापीच्या खोऱ्यातून जळगावास जाणारा लोहमार्ग याच बाजूने जातो. आणि त्या मार्गाने खानदेशातून आलेली माणसे जणू गाडीतून उतरली तशी येथेच वसली आहेत. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतली कुटुंबे आमच्या गल्लीत आहेत. पुरुष मंडळी लूमवर, डाइंग मिलमध्ये किंवा कापडबाजारात जातात. बायका घरी बसून साड्यांना खडे चिकटवितात, लेस लावतात, सुटे धागे कापतात. दुकानांच्या पाट्या गुजराती, भावाची घासाघीस हिंदीत, आणि भांडण मात्र अहिराणीत, अशी येथील भाषांची वाटणी आहे. आमचे मूळ पेडण्याकडचे, घरची बोली कोकणी; तरी इतक्या वर्षांत कळण्याची भाकरी आम्हांस पेजेइतकीच गोड लागू लागली आहे. गल्लीतील थोर मंडळी आम्हांस ‘गुरुजी’ म्हणतात आणि मुले खानदेशी रीतीप्रमाणे ‘आबा’.

दोन वर्षांमागे उन्हाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडात एक नवी सून आली. लग्न तिकडे, धुळे जिल्ह्यातील एका खेड्यात लागले होते. नवरा बावीस वर्षांचा, लूमवर कामाला, स्वभावाने गरीब. मुलगी सडपातळ, सावळी, डोळ्यांनी बोलकी. एके दिवशी आमच्या कपाटातील पुस्तके पाहून तिने विचारले, “आबा, एखादं वाचायला देशाल का?” कितवीपर्यंत शिकलीस असे आम्ही सहज विचारले. “नववी झाली. दहावीत नाव घातलं होतं,” ती म्हणाली आणि एकदम गप्प झाली. गणित कच्चे असले तरी एवढी वजाबाकी आम्हांसही येते. मुलगी सोळाची होती.

आम्ही ही गोष्ट सौभाग्यवतींस सांगितली. त्या म्हणाल्या, “आता लग्न होऊन गेलं. आपण बोलून काय होणार?” हेच उत्तर आम्हांस मनातून हवे होते, असे आज वाटते. आम्ही पुस्तक दिले आणि विषय मिटविला.

दिवाळीच्या सुमारास गल्लीतील बायका तिच्याकडे पाहून हसू लागल्या. आमच्या भाषांनी या अवस्थेला किती नावे दिली आहेत! मराठीत ती ‘दोन जिवांची’ होते. शेजारची उत्तर हिंदुस्थानी बाई ‘पाँव भारी’ म्हणते. आणि पेडण्याची आमची आई असती तर ‘ती गुरवार आसा’ असे म्हणाली असती. गुरवार हा शब्द ‘गुरुभार’ या शब्दाचा वंशज असावा, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. कोठे जीव मोजले, कोठे पावलांचे वजन केले, कोठे साऱ्या देहाचा भार जोखला. परंतु तो भार पेलणारीचे वय किती, हे विचारणारा शब्द मात्र आम्हांस एकाही भाषेत आढळला नाही.

पुढे एका बुधवारी सकाळी आशाताई दारी आल्या. गुजरातेत गर्भवतींची आणि बालकांची तपासणी करण्यासाठी ‘ममता दिवस’ भरतो. त्यासाठी त्या घरोघर नोंद घेत होत्या. वरच्या दाराला कडी होती. त्यांनी आम्हांस विचारले, “गुरुजी, वरती नवी सून आली आहे ना? काही आहे का तिला?” आदल्याच रात्री तिची सासू आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. सुनेच्या शाळेच्या दाखल्यावर वय लिहिलेले आहे, नोंद झाली तर पोलीस येतील, पोरगा आत जाईल, गुरुजींनी एवढी लाज राखावी, असे ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली होती. आम्ही आशाताईंस एवढेच सांगितले, “सून गावी गेली असावी.” आम्ही हे बोलत असताना डोक्यावरच्या स्लॅबवर पावले वाजत होती. आशाताईंनी एकदा वर पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले. आणि एका वृद्ध शिक्षकाच्या शब्दास मान देऊन त्या निघून गेल्या.

वाचकहो, आयुष्यात आम्ही थोडेफार असत्य बोललो आहोत. कोण बोलत नाही? परंतु इतक्या सौजन्याने बोललेले आणि इतके महाग पडलेले असत्य दुसरे नाही.

माघ महिन्यात मुलीचे अंग भरल्यासारखे दिसू लागले. गाल वर आले, बोटे फुगली, हातातील बांगड्या मनगटात रुतू लागल्या. बायका म्हणाल्या, बाळसे धरले, मुलगा होणार. आम्हीही मान डोलावली. पावलांवर थोडी सूज पुष्कळ गर्भवतींना येते आणि ती बहुधा निरुपद्रवी असते. परंतु चेहऱ्यावर आणि हातांवर एकाएकी आलेली सूज ही वेगळी गोष्ट आहे, हे आम्हांस पुढे कळले. एका दुपारी ती जिन्यात बसलेली आढळली. “मनं डोकं भलतं दुखस, आबा,” ती म्हणाली. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असेही तिने सांगितले. दिवसभर साड्यांवर बारीक खडे चिकटवून डोळे शिणले असतील, असे निदान आम्ही केले, आणि कपाळाला लावावयास बाम दिला. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात बरगड्यांखाली दुखू लागले. सासूने ते पित्त ठरविले आणि ओवा दिला. डोकेदुखी, दृष्टीपुढे चमकणे, बरगड्यांखालची कळ, ही तिन्ही लक्षणे एकामागून एक आमच्या दारावरून गेली. आणि आम्ही एकीस बाम दिला, दुसरीस विश्रांती सांगितली आणि तिसरीस ओवा पाठविला. तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब कोणी एकदाही मोजला नाही.

त्या रात्री दोनच्या सुमारास वरून किंकाळी ऐकू आली. आम्ही धावत गेलो. मुलगी जमिनीवर होती. दात आवळलेले, डोळे वर गेलेले, हातपाय ताठ होऊन थडथडत असलेले. कोणी म्हणाले बाहेरचे आहे, कोणी लिंबू आणावयास धावले, कोणी नाकाशी कांदा फोडून धरला. तोंडात चमचा घालावयास निघालेल्या हातास मात्र आमच्या सौभाग्यवतींनी धरले, आणि तिला डाव्या कुशीवर वळविले. हे शहाणपण त्यांनी कोठून आणले होते, देव जाणे. नवरा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. आम्ही १०८ क्रमांक फिरविला. गाडी आली, आणि आम्ही उभयता तिच्यासोबत एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. वाटेत दुसरी आकडी आली.

तेथील डॉक्टरीणबाई वयाने तरुण होत्या. रक्तदाब १८० आणि १२० होता. त्यांच्या हाताखालची माणसे धावपळ करू लागली, आणि त्यांनी वळून विचारले, “वय किती?” सासू म्हणाली, “एकोणीस.” त्यांनी आमच्याकडे पाहिले. “काका, खरे वय सांगा.” त्या क्षणी पेडण्याच्या घरातील आमची आई आठवली. दूध सांडून मांजरावर आळ घालणाऱ्या पोराला ती म्हणे, “खरें सांगूंक जाय, पुता.” आम्ही म्हणालो, “सोळा. आणि आतापर्यंत कोठेही नोंद नाही. आठवा महिना असावा.” सासूने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती आजही आमच्या जिन्यात उभी आहे.

या रोगाचा इतिहास आम्ही नंतर जमेल तेथून वाचला. त्याचे इंग्रजी नाव ‘एक्लॅम्प्सिया’ ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ एकाएकी लखलखणे असा आहे; वीज चमकावी तशी आकडी येते म्हणून. आपल्याकडील जुन्या पुस्तकांत त्याआधीच्या अवस्थेला ‘गर्भविषबाधा’ म्हणत. रक्तात काही विष उत्पन्न होते असे एके काळी मानीत. तसे विष कोणास सापडले नाही. आता असे मानतात, की गर्भाला पोसणाऱ्या वारेकडे जाणाऱ्या मातेच्या रक्तवाहिन्या आरंभीच्या महिन्यांत हव्या तितक्या रुंदावत नाहीत. वारेला रक्त अपुरे पडते. आणि तिच्यातून सुटलेली द्रव्ये मातेच्या साऱ्या देहातील रक्तवाहिन्यांची अस्तरे दुखावतात. मग दाब चढतो, मूत्रपिंडांतून प्रथिने गळू लागतात, यकृत सुजते, रक्त गोठविणाऱ्या बिंबिका कमी होतात, आणि मेंदूपर्यंत हा कल्लोळ पोहोचला की आकडी येते. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. वार अकाली सुटू शकते. मुळापासूनचा उपाय एकच, प्रसूती. आणि तीनंतरही काही दिवस धोका टळत नाही. पहिलटकरणीस हा रोग अधिक होतो. विशीच्या आतील मातांना विशी ओलांडलेल्या तरुण मातांपेक्षा आकडीचा धोका अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

या रोगाचे भयंकरपण त्याच्या मुकेपणात आहे. दाब चढताना बहुधा काहीच कळत नाही. पाचव्या महिन्यानंतर वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, की सावध व्हावयाचे. पण हा आकडा डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावाच लागतो. आकडीच्या रुग्णांच्या मूत्रात प्रथिने असतात हे लंडनच्या जॉन लीव्हर यांनी १८४३ साली दाखविले. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे साधन इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ साली पुढे आणले, आणि त्या पट्ट्याखाली नळीने ठोके ऐकून दोन्ही आकडे ओळखण्याची रीत रशियातील कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ साली सांगितली. म्हणजे हा मुका शत्रू बोलता करण्याची विद्या मनुष्यजातीजवळ शंभराहून अधिक वर्षे आहे. आमच्या वरच्या मजल्यावर ती पोहोचली नाही, कारण खालच्या मजल्यावर आम्ही बसलो होतो.

मुलीला जे औषध टोचले ते मॅग्नेशियम सल्फेट. आमच्या लहानपणी जुलाबासाठी पाण्यातून पाजीत ते एप्सम सॉल्ट हेच, असे कळल्यावर आम्ही थक्क झालो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर पाहून, या औषधाने आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो असे सिद्ध झाले. औषध स्वस्त आहे. परंतु मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो. म्हणून परिचारिका तासातासाला तिचे श्वास मोजीत, लघवीचे प्रमाण पाहत, आणि डॉक्टरीणबाई लहानशा हातोडीने तिच्या गुडघ्यावर टिचकी मारून पाय हलतो की नाही ते बघत. आपल्याकडील स्त्रिया अंगाने लहान, म्हणून मात्रा कमी ठेवण्याच्या ज्या पद्धती भारतीय डॉक्टरांनी वापरल्या, त्यांतील एकीला वैद्यकीय लिखाणात धुळ्याचे नाव आहे. ज्या जिल्ह्याने ही मुलगी सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढविली, त्याच जिल्ह्याच्या नावाने तिच्यासारखींना वाचविण्याची एक रीत ओळखली जावी, याला काय म्हणावे ते आम्हांस सुचले नाही.

पहाटे शस्त्रक्रियेने मुलगी झाली. वजन दीड किलोहून थोडे अधिक. तिला काचेच्या पेटीत ठेविले. आई शुद्धीवर आली ती दुसऱ्या दिवशी, आणि म्हणाली, “आबा, दिवा लावा ना.” वॉर्डात लख्ख ऊन पडले होते. तिला दिसत नव्हते. आमच्या सौभाग्यवती खांबाआड जाऊन पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, मेंदूच्या मागच्या भागास सूज आली की असे होते, बहुधा दृष्टी परत येते. तिसऱ्या दिवशी तिने आमच्या सदऱ्याचा रंग ओळखला. त्या तीन दिवसांत आम्ही जितके नवस बोललो, तितके आमच्या साऱ्या आयुष्यात बोललो नव्हतो. आणि त्यांतील एकही देवाकडे मागणे नव्हते, सारी क्षमायाचना होती.

रुग्णालयाने पोलिसांस कळविले. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे ते त्यांस भागच होते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने, पत्नी अठराच्या आतील असेल तर विवाह ही ढाल होऊ शकत नाही, असेही सांगितलेले आहे. पुढील गोष्ट न्यायालयात असल्याने तीविषयी आम्ही लिहीत नाही. वरच्या बिऱ्हाडाने आमच्याशी बोलणे सोडले. ‘गुरुजींनी घर बुडविले,’ असे सासू गल्लीत म्हणाली. आम्ही डॉक्टरीणबाईंस विचारले, “आम्ही वय खरे सांगितले, त्याचा उपचारास उपयोग झाला का?” त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “काका, त्या रात्री एकोणीस सांगितले असते तरी औषध हेच दिले असते. उपयोग झाला असता तो पाच महिन्यांपूर्वी. ती आमच्याकडे आली असती, तर पोलिसांना तेव्हाही कळवावे लागले असते. पण दाब मोजला गेला असता, आणि कदाचित आकडी आली नसती.”

त्या बोलण्यात सारे आले. वय लपवावयाचे म्हणून मुलगी लपविली, आणि मुलगी लपविली म्हणून दाब लपला. एक आकडा झाकण्यासाठी घातलेल्या पांघरुणाखाली दुसरा आकडा वाढत गेला, आणि शेवटी आकडीच्या रूपाने बाहेर आला. सासू पोराला तुरुंगापासून वाचवू पाहत होती. आम्ही शेजारधर्म पाळीत होतो. कोणाच्याही मनात पाप नव्हते. पाप नसताना केवढा अपराध होऊ शकतो!

या सुरतेशी एका थोर स्त्रीचे नाव जोडलेले आहे, आणि अलीकडे आम्हांस ती वारंवार आठवते. डॉ. रखमाबाई यांची आई जयंतीबाई चौदाव्या वर्षी विवाहित, पंधराव्या वर्षी माता आणि सतराव्या वर्षी विधवा झाली होती. खुद्द रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. १८८७ साली न्यायालयाने त्यांस सांगितले, की नांदा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि १८९५ च्या सुमारास सुरतेत स्त्रियांच्या रुग्णालयात येऊन राहिल्या. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी येथे काम केले. प्रसूतीसाठी दवाखान्यात यावयास बायका भीत, तेव्हा त्यांची भीती मोडावी म्हणून रखमाबाईंनी एका गाभण शेळीची सुटका दवाखान्यात केली, अशी आठवण सांगतात.

त्या सुरतेत आल्या तेव्हा दाब मोजण्याचा तो पट्टा जगात आलाही नव्हता. आकडीने तडफडणारी कोवळी पोर समोर आली असेल, तर त्यांनी काय केले असेल? अंधारी खोली, शांतता, झोपेचे औषध. त्या काळी याहून फार काही हाती नव्हते. त्यांच्याजवळ साधन नव्हते, पण खरे बोलण्याचे धैर्य होते; तेही तुरुंगाच्या दारात उभे राहून. आमच्याजवळ साधन आहे, विनामूल्य तपासणी आहे, बोलावल्यासरशी येणारी गाडी आहे. आणि ओट्यावर बसून एक वाक्य खरे बोलण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेल्या वादानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, आणि वय दहाचे बारा झाले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९४९ साली पंधरा आणि १९७८ साली अठरा झाले. कायद्याचा आकडा असा चढत गेला. तथापि २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, विशी ते चोविशीतील शंभर स्त्रियांपैकी महाराष्ट्रात आणि गुजरातेत सुमारे बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. दोन्ही प्रांतांचे आकडे जवळजवळ सारखे! आमचा लोहमार्ग दोन्ही टोकांना एकच माल उतरवितो, असे म्हणावयाचे.

उपदेश करण्याचा अधिकार आम्ही गमावला आहे. म्हणून शिकलो तेवढेच सांगतो. मुलीचे लग्न अठराच्या आत करू नये, हे पहिले. झालेच असेल आणि दिवस राहिले असतील, तर तिला लपवू नये. वय काहीही असो, उपचार नाकारता येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत नोंद करावी. पुढे प्रत्येक भेटीत दाब मोजवून आणि लघवी तपासवून घ्यावी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. आहारात कॅल्शियम कमी असेल, तर त्याच्या गोळ्यांनी हा धोका कमी होतो. त्या फेकून देऊ नयेत. काही जणींना डॉक्टर चौथ्या महिन्याच्या सुमारास लहान मात्रेत ॲस्पिरिन देतात. ती मात्र आपल्या मनाने घेऊ नये. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, बरगड्यांखाली कळ, चेहऱ्याहातांवर एकाएकी सूज, यांतील एकही दिसले तर बाम आणि ओवा बाजूस ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळंतपणानंतरही सहा आठवडे जपावे.

आम्ही दाब मोजण्याचे यंत्र विकत आणले. आशाताईंच्या पाया पडण्याचे आमचे वय नाही, पण त्यांच्यापुढे जाऊन आम्ही आपली चूक कबूल केली. त्या रागावल्या नाहीत. यंत्राचा पट्टा कसा बांधावा, माणसाला आधी पाच मिनिटे स्वस्थ कसे बसवावे, हे त्यांनी शिकविले. आता बुधवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर बायका जमतात. आकडा जास्त आला, की आम्ही चिठ्ठी लिहून त्यांस आशाताईंकडे पाठवितो. त्यापुढे आमची विद्या जात नाही.

बाळाचे वजन अडीच किलो झाले तेव्हा मुलगी माहेरी जावयास निघाली. सासूने निरोप दिला की नाही, आम्हांस ठाऊक नाही. बाप घ्यावयास आला होता. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. पिशव्या रिक्षात ठेवून होईपर्यंत ती बाळासह आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि हात पुढे करून म्हणाली, “आबा, मोजा.” आम्ही पट्टा बांधला. १२६ आणि ८२. गोळ्या बंद करावयाच्या नाहीत, धुळ्याला जाऊन दाखवावयाचे, पुढच्या वेळी आरंभापासून सांगावयाचे, असे आम्ही तिला पुन्हा पुन्हा बजावले. “वही द्या, मीच लिहिते,” ती म्हणाली. तिचे अक्षर सुंदर होते. दहावीच्या बाकावर बसली असती तर कोणत्याही शिक्षकास अभिमान वाटला असता. तिने नाव लिहिले, दाबाचे दोन्ही आकडे लिहिले, आणि वयाच्या रकान्यापाशी थांबून आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. तिने लिहिले : १७.

मग तिने वही मिटून आमच्या हातात दिली, दिलेले पुस्तक परत मागू नका असे सांगितले, आणि ती रिक्षात जाऊन बसली.